कनवटी कुठे गेली?

(गडचिरोली जिल्ह्यातल्या बचत गटांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. गटांच्या बैठकीत वाचून चर्चा करता यावी म्हणून तो इथे देत आहोत.)

मैत्रिणींनो,

मला आज बायांच्या कपड्यांवर बोलायचं आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतल्या काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. वनहक्काचे दावे, मजुरी, घरातली मारहाण हे सगळं सोडून ही बाई कपड्यांवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. काही महिन्यांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं. पण मध्यंतरी माझ्या हातून एक चूक झाली. त्या चुकीपासूनच सुरुवात करते.

आमच्या शिवणवर्गात आरमोरीकडची एक मुलगी येते. बारावी झालेली, हात चांगला. एक दिवस ती रंगीत मासिकातलं एक पान फाडून घेऊन आली. पानावर एका मोठ्या फॅशन डिझायनरनं केलेला पोशाख होता. उंच, सडपातळ मुलगी आणि तिच्या अंगात कोशाचा झगा. मधासारखा रंग. झग्याचा घोळ मागे जमिनीवर दोन हात लोळत होता. बाह्या बोटांच्याही पुढे गेलेल्या. पाठीवर बारीक बंदांची रांग, दुसऱ्या बाईच्या मदतीशिवाय बांधता येणार नाही अशी. मुलगी म्हणाली, "ताई, हा आपलाच कोसा ना?"

पान हातोहात फिरलं. बायांनी मजा करून घेतली. एक म्हणाली, "हे घालून बांधीतल्या चिखलात उतरलं तर बाईसकट झगाच रोवला जाईल." दुसरी म्हणाली, "मोहफुलं वेचायला बरं आहे, मागून झाडू मारत जाईल." एका म्हाताऱ्या मावशींनी पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "अवो, येच्यात पैसे कुठी ठेवाचे?" सगळ्या खळखळून हसल्या.

मग मी बोलले. कार्यकर्त्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही. हे श्रीमंतांचे चाळे आहेत, बाईची बाहुली करणारे कपडे आहेत, टाकून दे ते पान, असं मी सांगितलं. मुलीनं पान घडी करून वहीत ठेवलं. पुढचे दोन आठवडे ती वर्गाला आली नाही. मी घरी गेले तेव्हा तिची आई कोश निवडत बसली होती. मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही नाव ठेवलं. पण माझी माय ज्या कोशाचा धागा काढते, त्याचं इतकं सुंदर काही होते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. म्हणून गेले काही महिने मी या विषयाचा विचार करते आहे.

कोसा कुठून येतो

आपल्याकडचा कोसा, म्हणजे तसर, घरात पाळलेल्या किड्याचा नसतो. तुतीवरचा रेशीमकिडा घरात ताटल्यांत वाढतो. तसरची अळी जंगलात येनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावर वाढते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात ढिवर समाजातली कुटुंबं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. अळ्या झाडावर सोडल्या की महिना-दीड महिना त्यांची राखण करावी लागते. पाखरं टिपतात, मुंग्या लागतात, पावसानं रोग येतो. पूर्ण कुटुंब झाडाखाली राहतं, पण नोंद बहुतेक पुरुषाच्या नावावर असते.

कोश घरी आले की ते सोड्याच्या पाण्यात उकळायचे, मऊ करायचे आणि धागा ओढायचा. एक किलो धाग्याला हजाराहून जास्त कोश लागतात. हे काम मुख्यतः बायांचं. तसर होणाऱ्या मुलखांत हा धागा काढायची एक जुनी पद्धत आहे. बाई जमिनीवर बसते, लुगडं वर घेते आणि कोशातून निघणारे तंतू उघड्या मांडीवर तळहातानं वळते. तास न्‌ तास तेच. मांडीची कातडी सोलवटते, जखमा चिघळतात. शिवाय दाराशी कुणी आलं की लुगडं खाली ओढायचं, तो गेला की पुन्हा वर घ्यायचं. केंद्र सरकारनं २०१८ च्या सुमारास ही पद्धत बंद करायचं ठरवलं आणि 'बुनियाद' नावाचं यंत्र बायांना द्यायला सुरुवात केली. म्हणजे मांडीवर सूत काढणं हा परंपरेचा गोडवा गाण्याचा विषय नाही, तो बाईच्या अंगाला होणारा जाच आहे, हे सरकारलाही मान्य करावं लागलं.

हे इतकं सविस्तर सांगते, कारण त्या मासिकात पोशाख करणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात होतं. घालणाऱ्या मुलीचं होतं, फोटो काढणाऱ्याचंही होतं. धागा काढणारीचं नाव नव्हतं. नागभीडला किंवा भंडाऱ्याकडे कोष्ट्यांच्या मागावर करवतकाठी विणली जाते. तिच्या काठावरचे करवतीसारखे दाते विणताना तीन धोटे चालवावे लागतात. ते विणणाऱ्याचं नावही अशा पानावर नसतं.

मावशींचा प्रश्न

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. पैसे कुठे ठेवायचे?

आपल्या आज्या नऊवारी नेसत. काष्टा मारला की दोन्ही पाय मोकळे. चिखलात उतरा, झाडावर चढा, डोक्यावर भारा घेऊन चाला. पुढे ओचा, त्यात शेंगा, मोहफुलं, रानभाजी. कमरेशी लुगड्याची गुंडाळी, तीच कनवटी. तिच्यात पैसे, तंबाखू, किल्ली. पदर खोचला की दोन्ही हात कामाला. गोंड बाया गुडघ्यापर्यंत आखूड नेसत, तेही जंगलात चालण्याच्या हिशेबानंच. हे कपडे कुणा डिझायनरनं केलेले नव्हते. वापरणाऱ्या बायांनी कामाच्या ओघात ते बसवले होते.

कनवटीला आपल्या चळवळीतही जागा आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती व्हावी म्हणून २०१० च्या डिसेंबरात बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. २०१५ मध्ये चंद्रपुरात बंदी झाली, २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. या सगळ्या वर्षांत मी किती बायांकडून ऐकलं आहे, की मजुरीचे पैसे नवऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून कमरेला खोचून झोपायचं. कनवटी ही बाईची पहिली बँक होती. बचत गटाचं पासबुक नंतर आलं. म्हणून खिसा हा बारकासा मुद्दा आहे असं मला वाटत नाही. पुरुषाच्या सदऱ्याला खिसा, पायजम्याला खिसा, कधी आत चोरखिसा. आपल्या पाचवारीला नाही, ब्लाउजला नाही. तयार मिळणाऱ्या पंजाबी ड्रेसलाही बहुधा नाही. मग पैसे ब्लाउजमध्ये खोचायचे आणि मोबाईल हातात धरायचा. ज्यांनी हे कपडे ठरवले, त्यांच्या हिशेबात बाईच्या जवळ स्वतःचं काही असेल हेच धरलेलं नाही.

गैरसोय सुंदर का वाटते

त्या झग्यासारखे कपडे आजचे नाहीत. पॅरिसचा पॉल प्वारे १९१० च्या सुमारास फार गाजला. बायांची कंबर आवळणारी कॉर्सेट त्यानं बाजूला सारली, पण घोट्यांशी इतका अरुंद घागरा काढला की बाईला टिचभर पावलं टाकत चालावं लागे. न्यूयॉर्कमध्ये अशा बायांना ट्राममध्ये चढता येईना, तर १९१२ मध्ये खास खालच्या पायरीच्या ट्राम आणल्या. घागरा बदलला नाही, ट्राम बदलली! त्याआधी लंडनमध्ये १८८१ मध्ये बायांनी संस्था काढून सांगितलं होतं की आमच्या शरीराला जखडणारे, वजनदार कपडे आम्हाला नकोत. म्हणजे आपल्या मावशींचा प्रश्न तिकडच्या बायांनीही विचारला होता.

तरी असे कपडे का चालतात? कारण ते एक गोष्ट जाहीर करतात, की या बाईला काम करावं लागत नाही. तिचा घोळ उचलायला, तिच्या पाठीचे बंद बांधायला, तिचं ओझं वाहायला दुसरी बाई आहे. आपल्याकडेही पायघोळ लुगडं आणि लांब पदर ही मालगुजाराच्या घरची खूण होती. राबणारीचा पदर खोचलेला आणि घरंदाज बाईचा खांद्यावरून सोडलेला.

हे कसं घडतं, याचं एक उदाहरण गोव्यातलं सांगते, कारण आपल्या कोशाचं जे चाललं आहे त्याच्याशी ते जुळतं. गोव्यात कुणबी आणि गावडा बाया लाल चौकड्यांचं सुती लुगडं नेसत. गुडघ्यापर्यंत आखूड आणि पदराची खांद्यावर गाठ. भातशेतीत वाकून काम करताना पदर सुटू नये म्हणून ती गाठ. हे विणणं जवळजवळ बंद पडलं होतं. वेंडेल रॉड्रिक्स या गोव्याच्याच डिझायनरनं ते पुन्हा मागावर आणलं आणि २०१०-११ च्या सुमारास दिल्लीच्या फॅशन सोहळ्यात मांडलं. २०२० मध्ये ते वारले. एक मरणारं विणकाम त्यांनी जगवलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण शहरातल्या बाईला नेसता यावी म्हणून ती साडी लांब झाली, घोट्यापर्यंत आली. लाल चौकडा राहिला. ज्या आखूडपणामुळे बाईला शेतात वाकता येत होतं, तो गेला. आणि शेतात वाकणाऱ्या बाईनं तोवर बाजारातलं स्वस्त नायलॉन घेतलं होतं.

पण थांबा

इथवर माझं भाषण सोपं आहे. आज्यांचं लुगडं चांगलं, पॅरिसचा झगा वाईट. पण तसं म्हणून चालणार नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद झाली. तिथे बाबासाहेब आंबेडकरांनी बायांसाठी वेगळं भाषण केलं. त्यात ते कपड्यांवर बोलले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी गुडघ्याच्या वर लुगडं नेसायची रीत सोडा, अंगावरचे गिलटाचे, कथलाचे दागिने टाका, वरच्या जातीच्या बाया नेसतात तसं नेसा, असं त्यांनी सांगितलं. चित्रे आणि टिपणीस कुटुंबांतल्या स्त्रियांनी तिथेच त्या बायांना घोळदार नेसायला शिकवलं, अशी हकिगत आहे.

आता सोयीच्या हिशेबानं पाहिलं तर आखूड लुगडंच कामाला बरं होतं. पण ते बायांनी निवडलेलं नव्हतं. पूर्ण अंग झाकायचा हक्कच त्यांना नव्हता. त्यांची सोय हीच त्यांच्या जातीची पाटी होती. त्यांनी लांब नेसलं ते मानासाठी.

याच चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, दीक्षेचा सोहळा झाला. दीक्षा घ्यायला पांढरी वस्त्रं नेसून जायचं होतं. शेणगोठा करणाऱ्या, भाताच्या चिखलात राबणाऱ्या बाईला पांढऱ्या लुगड्यासारखं गैरसोयीचं दुसरं काय असणार? एका धुण्यात त्याचा रंग जातो. तरी बायांनी ते मिळवलं, नेसलं आणि पुढे पेटीत जपून ठेवलं. त्या दिवशी ते त्यांनी स्वतः नेसलं होतं.

म्हणून आता मी कपडा सोयीचा की गैरसोयीचा एवढंच विचारत नाही. तो कुणी ठरवला, हे विचारते. कोसा नेसलेली बाई आपल्या लग्नात, आपल्या सणाला, आपल्या मनानं पायघोळ नेसत असेल तर मी कोण तिला हसणारी? सुंदर दिसावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. आपल्या चळवळीनं कधीकधी तो गुन्हा ठरवला. जाडंभरडं नेसणारी ती खरी कार्यकर्ती, असा आपणही एक गणवेश करून टाकला. त्या मुलीला मी हिणवलं ते त्याच तोऱ्यात.

बायांना लाज वाटायला लावणारे दोन्हीकडे आहेत. २०१८ मध्ये सब्यसाची मुखर्जी हे नावाजलेले डिझायनर अमेरिकेत हार्वर्डच्या एका परिषदेत म्हणाले, की ज्या भारतीय मुलींना साडी नेसता येत नाही त्यांना लाज वाटायला हवी. देशभरातून बायांनी त्यांना धारेवर धरलं आणि त्यांना माफी मागावी लागली. आपल्या गावात ओढणी घेतली नाही म्हणून लाज काढतात. मी झगा आवडला म्हणून लाज काढली. तिन्ही वेळी खाली मान घालणारी मुलगीच.

आपल्या पोरींचं काय चाललं आहे

आपल्या जिल्ह्यांत पोशाख बदलला तो फॅशनमुळे कमी आणि सायकलीमुळे जास्त. मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना सायकली मिळाल्या. साडीत सायकल चालवणं अवघड, म्हणून सलवार-कमीज सर्रास झाला. ज्या घरांनी आधी नाक मुरडलं त्यांनीच मुलीला तो शिवून दिला, कारण शाळा पाच-सात किलोमीटर लांब होती. तरी ओढणी सुटली नाही. ती चाकात अडकून मुली पडतात, हे तुम्हाला माहीत आहे. मग आपण काय सांगतो? ओढणी नीट बांध. ओढणी काढून ठेव असं किती जणी सांगतात?

वनविभागात आपल्या मुली वनरक्षक झाल्या. खाकी शर्ट, पँट आणि बूट घालून त्या वाघाच्या जंगलात गस्त घालतात. त्याच गावातली आशाताई साडीत नाला ओलांडते. एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. दोघी सरकारचंच काम करतात. फरक एवढाच की वनरक्षकाचा गणवेश मुळात पुरुषासाठी ठरलेला होता, म्हणून त्याला खिसे आहेत, पाय मोकळे आहेत. जिथे फक्त बायाच काम करतात तिथे पोशाख ठरवणाऱ्याला सोय आठवत नाही, रंग आठवतो. सगळ्यांची साडी एका रंगाची असली की कार्यक्रमात फोटो चांगला येतो!

मग करायचं काय

आमच्या गटानं काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्यापुढे ठेवते, पटल्या तर घ्या.

पहिली, शिवणवर्गात शिवलेल्या बाईच्या प्रत्येक कपड्याला खिसा ठेवायचा. पंजाबी ड्रेसला बाजूच्या शिवणीत, परकराला आतून नाडीजवळ. मोबाईल आणि घडी केलेल्या नोटा मावतील इतका खोल. परकराचा खिसा म्हाताऱ्या बायांना लगेच पटला, कारण ती त्यांची जुनी कनवटीच आहे.

दुसरी, गणवेश ठरवताना अंगणवाडी सेविका, आशा, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाया यांना विचारलं पाहिजे, असे ठराव ग्रामसभेत मांडायचे. साडी हवी असेल तिनं साडी घ्यावी, ड्रेस हवा असेल तिनं ड्रेस.

तिसरी, कोशाचं कापड विकताना धागा काढणारीची मजुरी आधी ठरवायची. मांडीवर सूत काढणं कुठे चालू असेल तर तिथे यंत्र मागायचं, आणि ते यंत्र नवऱ्याच्या नावावर येऊ द्यायचं नाही. प्रदर्शनात ठेवलेल्या कापडावर विणणाऱ्याबरोबर धागा काढणारीचंही नाव, तिची इच्छा असेल तर, लावायचं.

चौथी गोष्ट माझ्यापुरती आहे. एखाद्या मुलीला काही सुंदर वाटलं तर आधी तिचं ऐकून घ्यायचं.

ती मुलगी आता पुन्हा वर्गाला येते. मासिकातलं पान तिनं शिवणयंत्राच्या समोर भिंतीला चिकटवलं आहे. मी ते काढायला सांगितलेलं नाही. त्या झग्याची मान तिला फार आवडली होती. तशीच मान काढून तिनं सुती कापडाचा कुडता शिवला. मानेला आईनं काढलेल्या धाग्याच्या कापडाची पट्टी लावली. बाह्या मनगटापर्यंत, उंची गुडघ्याखाली, दोन्ही बाजूंना खिसे. आईनं तो घालून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा कोसा तिच्या अंगावर आला, तोही बोटभर पट्टीचा. तिनं दोन्ही हात खिशांत घातले आणि बराच वेळ बाहेर काढलेच नाहीत.

बोटभर पट्टीवर आपण समाधान मानावं असं मी म्हणत नाही. हजार कोशांतून धागा काढणारीला त्यातलं पूर्ण लुगडं का मिळू नये, हा प्रश्न उरतोच. त्यावर आज इथे बोलू. त्याआधी प्रत्येकीनं शेजारणीला विचारा, आत्ता तुझ्याजवळचे पैसे कुठे आहेत? तुझ्याजवळ, की दुसऱ्या कुणाच्या खिशात?

आता तुम्ही बोला.